सोळाव्या आठवड्याचा डोस

अंधेरीतलं काचेच्या दाराचं क्लिनिक, बोरिवलीच्या गल्लीतला जुना दवाखाना, घाटकोपरच्या सोसायटीत घरी येऊन इंजेक्शन देणारे डॉक्टर आणि मुलुंडला आजवर तीन कुत्री पाळलेले शेजारचे काका. नवं पिल्लू घरी आणलेल्या माणसाने या चौघांना लसी कधी द्यायच्या आणि खर्च किती येईल असं विचारलं, तर चार वेगळी उत्तरं मिळतात. एक म्हणतो पंचेचाळिसाव्या दिवशी सुरू करा, दुसरा म्हणतो दोन महिने थांबा. कुणाच्या मते दोन डोस पुरे, कुणाच्या मते चार. एकाकडे ‘सेव्हन-इन-वन’, दुसऱ्याकडे ‘नाइन-इन-वन’, आणि दोघांच्या दरात दुपटीचा फरक. पिल्लू विकणाऱ्याने तर ‘पहिलं इंजेक्शन झालंय’ असं सांगून हात झटकलेले असतात. या गोंधळामुळे दरवर्षी कितीतरी पिल्लं जातात, आणि त्यांतली बरीच वाचण्यासारखी असतात. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडायला हवा.

सुरुवात आईच्या चिकापासून करावी लागते. पिल्लाला रोगप्रतिकाराची पहिली शिदोरी मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यायलेल्या चिकातून मिळते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं त्यातून पिल्लात उतरतात आणि काही आठवडे त्याला सांभाळतात. पण हीच प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही खऱ्या रोगाचा विषाणू समजून निकामी करतात. ती असेपर्यंत लस लागू पडत नाही. ती किती दिवस टिकतील, हे आईला किती प्रतिकारशक्ती होती आणि पिल्लाने किती चीक प्यायला यावर ठरतं. एकाच वेताच्या दोन भावंडांत फरक असतो. एकाची सहाव्या-आठव्या आठवड्यातच ओसरतात, दुसऱ्याची चौदाव्या-पंधराव्या आठवड्यापर्यंत रेंगाळतात. मधल्या काळात असे काही दिवस येतात, जेव्हा आईकडून आलेलं संरक्षण खऱ्या रोगाला अडवायला अपुरं असतं, पण लस बाद करायला पुरेसं असतं. पिल्लं दगावतात ती बहुतेक याच दिवसांत.

तुमच्या पिल्लाचे हे दिवस कोणते, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा लस देतात, म्हणजे त्यांतली एक तरी नेमक्या वेळी लागू पडावी. दुसरा आणि तिसरा डोस पहिल्याला बळ देण्यासाठी असतो असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक डोस हा नव्याने केलेला प्रयत्न असतो. आधीचे दोन्ही वाया गेलेले असू शकतात. हे एकदा समजलं की सगळ्या वेळापत्रकात सर्वांत मोलाचा डोस कोणता, याचं उत्तर आपोआप मिळतं: शेवटचा. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन ही पशुवैद्यांची जागतिक संघटना लसीकरणाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध करते. २०२४ च्या आवृत्तीनुसार सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात, त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी एक डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. पुढचा डोस पूर्वी वर्षभराने देत; आता तो सहाव्या महिन्यात, म्हणजे सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास द्यावा असं संघटना सांगते. सोळाव्या आठवड्यालाही लस लागू न पडलेली थोडी पिल्लं राहतात, त्यांना वर्षभर उघडं ठेवू नये हा त्यामागचा विचार.

आता आपल्याकडची कार्डं बघा. पंचेचाळीस दिवसांच्या आसपास ‘पपी डीपी’, म्हणजे डिस्टेंपर आणि पार्व्हो या दोनच रोगांची लहान पिल्लांसाठीची लस. दोन महिन्यांनंतर एकत्रित लसीचा पहिला डोस, तीन महिन्यांना दुसरा, त्याच सुमारास रेबीजची लस, म्हणजे ‘एआरव्ही’. आणि बऱ्याच कार्डांवर गाडी इथेच थांबते. नव्वद दिवस म्हणजे जेमतेम तेरा आठवडे. सोळाव्या आठवड्याचा रकाना एक तर नसतो किंवा रिकामा राहतो. तोवर पिल्लू धष्टपुष्ट दिसायला लागलेलं असतं, तीन-चार इंजेक्शनांचे पैसे देऊन झालेले असतात, ‘झालं सगळं’ असं वाटतं आणि पिल्लू खाली फिरायला जाऊ लागतं. माझ्या मते उपनगरांतल्या पाळीव पिल्लांच्या लसीकरणातली सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्तात बुजवता येणारी फट हीच आहे.

दुसरी फट सुरुवातीलाच पडते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तरी पाच आठवड्यांची पिल्लं खोक्यातून घरपोच येतात, कारण पिल्लू जितकं लहान तितकं गोड आणि तितकं लवकर खपतं. विक्रेत्याने तिसाव्या दिवशी काही टोचलं असेल, तर बहुधा ते आईच्या प्रतिपिंडांनी वाया गेलेलं असतं. कार्डावर कुपीचं स्टिकर, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ते इंजेक्शन झालंच नाही असं धरून नव्याने सुरुवात करावी. एखादा डोस जास्त झाल्याने काही बिघडत नाही, कमी पडल्याने बिघडतं.

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचं वय माहीत नसतं. तिथे दात उपयोगी पडतात. दुधाचे सुईसारखे दात पूर्ण आले असतील तर साधारण सहा ते आठ आठवडे. पुढचे दुधाचे दात पडून रुंद, कायमचे दात डोकावू लागले असतील तर साडेतीन-चार महिने. बाकी देशी पिल्लाला लस कमी लागते, ‘ते मुळातच काटक असतं’, हे खरं नाही. काटक दिसणारी देशी कुत्री ही वाचलेली कुत्री असतात. त्यांची गेलेली भावंडं आपल्याला दिसत नाहीत.

पार्व्होबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण उपनगरी घरात पिल्लाचा सर्वांत मोठा शत्रू तोच. हा रोग तसा नवा. १९७८ च्या सुमारास तो जगात अचानक दिसू लागला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पोचला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या कुळातून तो आला असं मानलं जातं. कुठल्याच कुत्र्याकडे त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे लहान-मोठी कुत्री पटापट मेली. आज तो मुख्यतः पिल्लांना गाठतो. आधी सुस्ती, मग खाणं बंद, उलट्या, आणि विशिष्ट घाण वासाचे रक्ताळ जुलाब. आतड्याचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी एकदमच नष्ट होत असल्याने पिल्लू दोन-तीन दिवसांत कोसळू शकतं. उपचार नाही झाले तर दहातली नऊ पिल्लं जाऊ शकतात. वेळेवर सलाइन आणि दाखल करून उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात.

या विषाणूचा चिवटपणा विलक्षण आहे. मातीत, फरशीच्या सांध्यात, पायपुसण्यात तो महिनोन्‌महिने टिकतो. पिल्लू घराबाहेर पडलंच नाही तरी तो चपलेच्या तळव्याला चिकटून आत येतो. ‘आमचं पिल्लू सातव्या मजल्यावर असतं, त्याला कुठून होणार?’ या प्रश्नाचं उत्तर लिफ्टमध्ये आणि दाराबाहेरच्या चपलांत आहे. फिनेल त्याला मारत नाही. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं ताजं मिश्रण आधी स्वच्छ पुसलेल्या फरशीवर दहा मिनिटं राहू दिलं तर मारतं. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं, तिथे निदान वर्षभर तरी लसीकरण पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणू नये. दुःखावर उतारा म्हणून आठवड्याभरात नवं पिल्लू आणणारे लोक असतात, आणि तेही तसंच गमावतात. यापेक्षा वाईट काही नाही.

मुंबईसाठी वेगळा विचार लागतो तो लेप्टोचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना महापालिका डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते. २०१५ च्या पावसाळ्यात मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर या पट्ट्यात लेप्टोने माणसं दगावली. रोगाचे जंतू उंदीर, गुरं आणि कुत्रे यांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, तोंडावाटे शरीरात शिरतात. अंधेरीचा सबवे भरतो, घाटकोपरच्या सखल भागात गुडघाभर पाणी साचतं, आणि त्याच पाण्यातून कुत्रं फिरून घरी येतं. कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड तर निकामी होऊ शकतंच, शिवाय त्याच्या लघवीतून घरातल्या माणसांना धोका होतो. युरोप-अमेरिकेत बरीच वर्षं ही लस ‘गरजेप्रमाणे’ या वर्गात होती. जिथे रोगाचं बस्तान आहे तिथे ती आवश्यक धरावी असं २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि मुंबई त्यात बसते याबद्दल शंका नको. या लसीचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात, आणि संरक्षण वर्षभराचंच असतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये घरी आलेल्या पिल्लाचे दोन्ही डोस मृगाच्या आत पुरे व्हावेत असं डॉक्टरांना आवर्जून सांगा. जूनमध्ये आणलं असेल तर दुसऱ्या डोसानंतर निदान दोन आठवडे साचलेल्या पाण्यात पाय ठेवू देऊ नका.

‘सेव्हन’ की ‘नाइन’ हा वाद इथेच मिटवून टाकू. हे आकडे रोगांचे नाहीत. डिस्टेंपर, यकृतदाह, पार्व्हो, पॅराइन्फ्लुएन्झा हे रोग, त्यात लेप्टोच्या दोन किंवा अधिक उपजाती वेगवेगळ्या मोजल्या आणि वर कोरोना घातला की आकडा वाढतो. कुत्र्यांच्या आतड्याच्या कोरोनाची लस देण्याची शिफारस जागतिक संघटना करत नाही. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी कुपीत लेप्टोच्या किती उपजाती आहेत, एवढं विचारा. तिथे जास्त असणं कामाचं आहे.

डिस्टेंपर हा पार्व्होपेक्षा बराच जुना. नाका-डोळ्यांतून चिकट पाणी, खोकला, ताप, आणि सगळं बरं होतंय असं वाटत असताना जबड्याचे झटके व फिट्स. वाचलेल्या कुत्र्याच्या पायाला आयुष्यभर झटके येत राहू शकतात. बोरिवली आणि मुलुंडकरांना या रोगाची लस देण्याचं आणखी एक कारण लक्षात घ्यावं लागेल. या दोन उपनगरांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथले बिबटे कडेच्या वस्त्यांतली कुत्री खातात, त्यामुळे हा विषाणू त्यांच्यापर्यंतही पोचू शकतो. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातही हाच विषाणू सापडला आणि परदेशातून लस मागवावी लागली. येऊर-मुलुंडच्या डोंगरालगत किंवा बोरिवली पूर्वेला राहणाऱ्याचं लसीकरण झालेलं कुत्रं जंगलाचंही थोडंसं रक्षण करतं.

रेबीजच्या बाबतीत चर्चेला जागाच नाही. लक्षणं दिसू लागली की माणूसही वाचत नाही, जनावरही नाही. लस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर. आपल्यासारख्या धोक्याच्या प्रदेशात दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस, मग वर्षाने. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना दरवर्षी काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचं प्रमाणपत्र लागतं. बारा आठवड्यांखालचं, लस न झालेलं पिल्लू खेळता खेळता दात लावतं, तेव्हा ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः ते रस्त्यावरून आलेलं असेल तर. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि थेट महापालिकेच्या रुग्णालयात जा: घाटकोपरला राजावाडी, जुहूचं कूपर, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अगरवाल. माणसांसाठीची लस तिथे मोफत मिळते. गोव्यात २०१४ च्या सुमारास सुरू झालेल्या मोहिमेत दरवर्षी हजारो कुत्र्यांना गल्लोगल्ली लस दिली गेली, आणि २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज-नियंत्रित’ जाहीर झालं. मुंबईतही महापालिका आणि स्वयंसेवी संस्था भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाच्या फेऱ्या काढतात. आपल्या इमारतीखालच्या कुत्र्यांचा त्यात समावेश झाला का, हे सोसायटीने विचारायला हवं; आपलं पिल्लू उद्या त्यांच्यातच वावरणार आहे.

आता पैसे. उपनगरांतल्या खासगी दवाखान्यांत सध्या साधारणपणे पपी डीपीला ५०० ते ८००, एकत्रित लसीच्या एका डोसाला ८०० ते १,५००, रेबीजला ३०० ते ६०० रुपये पडतात. एक पपी डीपी, नवव्या-दहाव्या, तेराव्या आणि सोळाव्या आठवड्याचे मिळून तीन एकत्रित डोस, रेबीजचे दोन: बेरीज साडेतीन ते साडेसहा हजार. सहाव्या महिन्याचा डोस धरला तर चार हजार तीनशे ते आठ हजार. तपासणी फी, जंताचं औषध आणि डॉक्टर घरी येत असतील तर त्याचे पाचशे-हजार वेगळे. अंधेरी पश्चिमेला आकडा वरच्या टोकाला जातो, मुलुंड-भांडुपच्या लहान दवाखान्यांत खालच्या. हे पैसे एकरकमी जात नाहीत, चार-साडेचार महिन्यांत विभागून जातात. याच्या शेजारी पार्व्होच्या उपचाराचा खर्च ठेवा: दाखल करून रोज दोन ते पाच हजार, पाच ते सात दिवस. आणि तरीही पिल्लू वाचेल याची हमी नाही.

लसीकरणाचा खर्चही ज्यांना जड जातो त्यांच्यासाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. १८८० च्या दशकापासून ते मुंबईच्या जनावरांची सेवा करत आलं आहे, आणि १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे. खासगी दवाखान्यापेक्षा तिथे खर्च बराच कमी येतो. पण बोरिवलीहून किंवा मुलुंडहून जाण्या-येण्याचं भाडं हिशोबात धरा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रांगेत आजारी जनावरं असतात. पिल्लू मांडीवर किंवा पेटीत ठेवा, जमिनीवर सोडू नका. सप्टेंबरच्या २८ तारखेला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास ठिकठिकाणी रेबीजची मोफत शिबिरं होतात. आणि एक साधा उपाय: एकाच सोसायटीत दोन-तीन पिल्लं असतील तर डॉक्टरांना एकाच दिवशी बोलवा, घरी येण्याची फी वाटली जाते.

पैसे वाचवायचे कुठे, याला सरळ उत्तरं आहेत. कोरोनाची लस नको. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस पिल्लाला बोर्डिंगमध्ये ठेवायचं असेल तरच. सहाव्या महिन्याचा डोस झाल्यावर डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृतदाहाची लस दर तीन वर्षांनी पुरते. आपल्याकडे ती दरवर्षी टोचली जाते, कारण ती आणि लेप्टो एकाच सिरिंजमध्ये येतात. फक्त लेप्टोची लस वेगळी मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. रेबीज आणि लेप्टो मात्र दरवर्षी. टिक फीवरवर, म्हणजे गोचिडांमुळे येणाऱ्या तापावर आपल्याकडे लस नाही. ‘सगळ्या लसी झाल्यात’ म्हणून गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका.

वाचवायचं कुठे नाही, तेही सांगतो. औषधाच्या दुकानातून कुपी आणून ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेऊ नका. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. मे महिन्यात रिक्षातून पिशवीत आणलेली कुपी दिसायला तशीच दिसते, पण तिच्यातला विषाणू मेलेला असू शकतो. चांगले डॉक्टर कुपी फ्रिजमधून तुमच्यासमोर काढतात, पूड तुमच्यासमोर कालवतात आणि स्टिकर कार्डावर चिकटवतात. पिल्लाला ताप किंवा जुलाब असतील तर लस पुढे ढकलतात. इंजेक्शन शक्यतो सकाळी घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित तोंडाला सूज किंवा पित्त उठतं. दिवसा दवाखाना उघडा असतो, रात्री धावाधाव होते. एखादा दिवस पेंगणं आणि कमी खाणं मात्र नेहमीचं.

राहिला प्रश्न, सोळा आठवडे पिल्लाला घरात कोंडायचं का? नाही. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. तेव्हा माणसं, रिक्षांचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, लिफ्ट, मुलं काही पाहिलंच नाही तर ते पुढे भित्रं किंवा चावरं होतं, आणि अशी कुत्रीच नंतर सोडून दिली जातात. त्याला कडेवर घेऊन रोज खाली न्या. लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात खेळू द्या. फक्त बागेतल्या मातीत, झाडाच्या बुंध्याशी आणि फुटपाथवर त्याला शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे होईपर्यंत उतरवू नका.

पिल्लाच्या जन्मतारखेत ११२ दिवस मिळवा, म्हणजे सोळा आठवडे होतात. जन्मतारीख माहीत नसेल तर दात पाहून डॉक्टरांकडून अंदाज घ्या आणि दोन आठवडे जास्तच धरा. ती तारीख आजच कार्डावर लिहा, आणि त्या दिवशी किंवा त्यानंतरच्या आठवड्यात पिल्लाला न चुकता दवाखान्यात न्या, आधी कितीही इंजेक्शनं झालेली असोत.